पाचपर्यंत झोपायला मिळतं म्हणून

मी सैन्यात गेलो तो झोपण्यासाठी. हे मी आजवर कुणापासून लपवलेलं नाही, आणि आजवर कुणाला ते पटलेलंही नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, भरतीचा क्लास आहे. तिथले सर अधूनमधून मला भाषणाला बोलावतात. समोर पोरंपोरी पाठ ताठ करून बसलेली असतात. सर विचारतात, "आपण सैन्यात का गेलात, ते मुलांना सांगा." मी खरं ते सांगतो. बाबांनो, आमची बेकरी होती, वडील रात्री दोनला उठवायचे, आणि सैन्यात पाचपर्यंत झोपू देतात असं माझ्या कानावर आलं होतं. सगळे खो-खो हसतात. सर डोळे पुसत म्हणतात, "पाहिलंत? खरा शूर माणूस स्वतःबद्दल असंच बोलतो." मग टाळ्या, आणि मला एक पेन भेट. घरात अशी बरीच पेनं जमली आहेत, त्यातलं एकही चालत नाही. बायको म्हणते, "देणाऱ्यांनी माणूस ओळखून दिलीत."

वडिलांचं एकच तत्त्व होतं. रस्ता जागा व्हायच्या आत पावाच्या गरम लाद्या दुकानाच्या फळीवर पाहिजेत. त्यासाठी दोनला पीठ मळायला घ्यायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ वरच्या पोटमाळ्यावर मैद्याच्या पोत्यांशेजारी झोपायचो. वडिलांची पहिली हाक आली की धाकटा टुणकन उठून बसायचा. मला पाय धरून ओढावं लागे. ओढून खाली आणलं तरी मी जागा असे असं नाही. कणीक मळता मळता उभ्यानं झोप काढायची विद्या मला लहानपणीच साधली होती. एकदा तोल जाऊन तोंडच कणकेत गेलं. वडिलांनी मानगूट धरून वर काढलं आणि धाकट्याला म्हणाले, "याचाच पाव कर. निदान विकला तरी जाईल."

तर अशा अवस्थेत एक दिवस दुकानात एक जवान आला. सुट्टीवर होता. पाव बांधून घेता घेता वडिलांजवळ रडगाणं गात होता, "काय सांगू काका, हाल आहेत नुसते. भल्या पहाटे पाचला उठवतात हो!" वडील च्च च्च करत होते. मी मात्र आ वासून बघत राहिलो. पाचला! म्हणजे रात्रभर! जगात अशी जागा आहे, तिथं कपडे देतात, जेवू घालतात आणि वर पाचपर्यंत झोपू देतात, आणि लोक तिथं जात नाहीत? लोकांना झालंय तरी काय?

भरतीला गेलो. साहेबांनी विचारलं, "का यायचंय?" माझ्या पुढचा "देशासाठी" म्हणाला होता, मीही "देशासाठी" म्हणालो. माझ्या मागचाही तेच म्हणाला. साहेबांचा चेहरा बघून कळत होतं की त्यांना यातलं काहीही नवीन नाही. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "जा. नाहीतरी इथं कुठं जागा होतास." मी निघालो तेव्हा धाकट्याचे हात कोपरापर्यंत पिठात होते, म्हणून त्यानं कोपरानंच मला ढोसलं. तोच निरोप.

आता पुढचं ऐका. बराकीतली पहिली रात्र. कोरी चादर, वर पंखा, दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत कुणी हात लावणार नाही. मी सुखानं डोळे मिटले. आणि दोनला टक्क जागा झालो! कूस बदलली, डोकं पांघरुणात घातलं, काही उपयोग नाही. जन्मभर ओढून उठवावं लागलेला माणूस मी, आणि उठवायला कुणी नाही म्हटल्यावर आपसूक उठून बसलो. शेवटी अंथरुणाची घडी घातली, बूट बांधले आणि मैदानावर जाऊन उभा राहिलो, कारण उठल्यावर काहीतरी करायचं असतं एवढंच मला माहीत होतं. पहारेकऱ्यानं बंदूक रोखली. कवायत घेणाऱ्या उस्तादांसमोर उभं केलं.

"इथं काय करतोयस?"

"उठलोय."

"का?"

"दोन वाजले ना."

सकाळी चौकशी झाली. बाप काय करतो? बेकरी आहे. साहेबांचा चेहरा असा उजळला की मला तिथंच धोका कळायला हवा होता. "वा! भटारखान्यात पाव करायला माणूस हवाच होता." बोंबला! भटारखान्यात तीनला उठायचं असे. म्हणजे घर सोडलं, बापाला सोडलं, केस कापून घेतले, देशाच्या नावानं खोटं बोललो, आणि एवढ्या उपद्व्यापातून मला मिळाला किती, तर एक तास. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते लोक उगाच नाही म्हणत. माझ्या बाबतीत तर आगही तीच, भट्टीची.

हळूहळू बाकीच्यांची कारणंही बाहेर पडली. एकाला जन्मभर थोरल्या भावाचे जुने बूट घालावे लागले होते, इथं कोरे दोन जोड मिळतात म्हणून तो आलेला. एकाला एका मुलीनं नाही म्हटलं होतं, त्याला गणवेशात तिच्यासमोर जायचं होतं. त्याला पहिली सुट्टी मिळेपर्यंत ती बसच्या कंडक्टरशी लग्न करून मोकळी झाली. गणवेशाचाच प्रश्न असेल तर तो कंडक्टरलाही असतोच की. एकजण नुसता मित्राला सोबत म्हणून आला होता. मित्र नापास, हा पास. तो वर्षभर सगळ्यांना सांगत फिरायचा की काहीतरी चूक झाली आहे. खरोखर देशासाठी आलेला एकच होता. त्याच्यापुढे आम्ही जरा जपून बोलायचो. पण घरच्या आठवणीनं सगळ्यात आधी तोच रडला, आणि तेव्हा बूटवाल्यानं त्याच्याजवळ बसून त्याला चहा पाजला.

राहिलो मात्र सगळे. मीसुद्धा. का राहिलो म्हणाल, तर पहाऱ्याची पाळी मला आवडायला लागली. हसू नका. सरहद्दीवर असताना भटारखानावालाही पहाऱ्याला लागतो. आधीचा गडी येतो आणि गुपचूप तुमच्या पायाचा अंगठा हलवतो. तुम्ही उठलात तर तो झोपणार, नाही उठलात तर तो बिचारा तसाच. वडिलांना पाय ओढून जे साधलं नाही ते त्या अंगठ्यावरच्या चिमटीनं साधलं. मी उठायचो. उठून अंधारात बसायचो आणि मागे बाकीचे घोरताना ऐकायचो. बरं वाटायचं. फार बरं वाटायचं, खरं तर. पण हे मी क्लासात सांगत नाही, कारण ते ऐकून सर मला पेनाऐवजी घड्याळ देतील.

निवृत्त होऊन आलो तेव्हा वडील गेलेले होते. बेकरी धाकट्याच्या गळ्यात. त्याची बायकोही मुलगी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात दोघंच, तो आणि त्याची लेक. तिचं टोपणनाव चिमणी. पाळण्यात होती तेव्हा ते शोभत होतं. आता ती मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन एका दमात जिना चढते, आणि तरी सगळा रस्ता तिला चिमणीच म्हणतो. वडील गेले तरी त्यांचं घड्याळ काही गेलं नाही. दोनला दिवा लागायचा तो लागायचाच. मी पेन्शन खात सातपर्यंत लोळायचो आणि मग जाऊन पहिली लादी उचलायचो. "पाव जरा जास्त भाजलाय हं," असंही वर म्हणायचो. उंटावरचा शहाणा म्हणजे कोण, हे आमच्या रस्त्यावर कुणाला विचारायला जावं लागत नाही.

आणि या चिमणीनं, कुणाला न सांगता, त्याच सायकलवाल्याच्या वरच्या क्लासात नाव घातलं. धावली, लेखी दिलं, डॉक्टरी तपासणी झाली, निवड झाली. मग सांगितलं.

धाकटा भरदुपारी माझ्या घरी आला. त्याची झोपायची वेळ ती, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला दारातच कळलं. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. "ट्रे लागला," तो म्हणाला. बसला. बायकोनं चहा ठेवला.

"दादा, हे तुझंच काम आहे. तूच तिच्या डोक्यात हे भरलंस."

"मी? मी तर सगळ्यांना सांगतो की मी झोपायला गेलो होतो!"

"तेच. सुखाची जागा आहे असं वाटलं तिला. आता तूच तिला समजाव. मी ही भट्टी कुणासाठी धगधगती ठेवली? तिच्यासाठीच ना? उद्या तिला कुणापुढे हात पसरायला नको म्हणून तर मी..." आणि इथं त्याची मान खाली गेली. वाक्याच्या मध्येच झोपला. कप हातात, चहा तसाच. मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि जिथं सोडलं होतं तिथूनच म्हणाला, "...तर मी एवढी वर्षं काढली. समजाव तिला." बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं हसायला गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

संध्याकाळी मी बेकरीत गेलो. चिमणी दुसऱ्या दिवसाचा मैदा चाळत होती. मी घसा साफ केला आणि सैन्यातल्या कष्टांवर व्याख्यान सुरू केलं. थंडी सांगितली, चिखल सांगितला, पाठीवरचं ओझं सांगितलं. ती चाळत राहिली. पोतं उचलून पिंपात रिकामं केलं. माझ्या पाठीवरच्या ओझ्यापेक्षा ते जड होतं, हे दोघांनाही दिसलं.

"झालं काका?"

"झालं."

"बाबांच्या हाताला काय झालंय, सांगितलं त्यांनी?"

"ट्रे लागला म्हणाला."

"ट्रे कसला डोंबलाचा! भट्टीच्या दारापाशी उभ्या उभ्या झोपले ते. हात दारावर टेकला होता. मी मागे नसते तर तोंडावर गेले असते." तिनं चाळणी खाली ठेवली. "दोन वर्षं सांगतेय, बंद करा, नाहीतर माणूस ठेवा. ऐकत नाहीत. म्हणतात, तुझ्यासाठी ठेवलीये. मी इथं आहे तोवर ते दोनला उठणार, काका. मी गेले तर कुणासाठी उठतील? पगार घरी पाठवीन. झोपतील तरी. त्यांना सांगू नका तेवढं, शपथ आहे तुम्हाला."

मी कट्ट्यावर बसलो. सबंध जन्म मी ज्या कारणाची चेष्टा करत आलो, तेच कारण घेऊन ही पोर निघाली होती, फक्त झोप स्वतःची नव्हती. मला माझी लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला. म्हणून मी म्हटलं, "मैदा चांगला चाळलास हं." तिनं कपाळाला हात लावला.

आता, शपथ घातली होती हे खरं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ती लहानपणापासून जाणून होती, तेव्हा थोडी चूक तिचीही आहे. मी जिना चढून वर गेलो, धाकट्याला हलवून उठवलं आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं.

त्यानं पट्टीकडे पाहिलं. "म्हणजे मी तिच्यासाठी जागतोय, आणि ती माझ्यासाठी चाललीये?"

"तसंच दिसतंय."

"आणि तू?"

"मी सातला उठतो."

एरवी त्यानं मला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसता बघत राहिला. मलाच ते सहन झालं नाही, म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अरे, पाव पहाटेच भाजला पाहिजे असं आहे कुठं? सकाळी मळ, दुपारी भाज, संध्याकाळी वीक. लोक संध्याकाळीही गरम खातात, सकाळी कालचा खातील. मरत नाही कुणी."

"वडील काय म्हणतील?"

"वडील गेले रे."

त्यानं पट्टीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाला, "हे तू आधी का नाही बोललास?"

"आधी बोललो असतो तर म्हणाला असतास, झोपाळू माणूस दुसरं काय सांगणार."

त्याच आठवड्यात त्यानं दुकानाच्या दारावर पाटी लावली: गरम पाव संध्याकाळी. रस्त्यानं दोन दिवस शिव्या दिल्या, मग सवय झाली. मला सकाळी पीठ मळायला कामावर घेतलं. पगार नाही, वर बोलणी. "मळतोयस की कुरवाळतोयस?" हे अगदी वडिलांच्या आवाजात.

पाटी लागली त्या दिवशी धाकट्यानं लेकीला समोर बसवलं. मीही तिथं होतो, तिच्या नजरेला नजर न देता. "चिमणे, भट्टी आता दिवसाच पेटणार. मी रात्री झोपणार. तुझं कारण संपलं. आता जाऊ नकोस."

तिनं आधी माझ्याकडे असं पाहिलं की बंदूक परवडली. मग मान खाली घातली. पोरीच्या पायाखालची जमीनच काढून घेतल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, आता ही 'बरं' म्हणणार. धाकट्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसायच्या बेतात होता.

"तरी जाते," ती म्हणाली.

"का? आता कशासाठी?"

"माहीत नाही बाबा. रोज धावले ना पहाटे, तुमच्यासाठी म्हणूनच धावत होते. पण मध्येच कधीतरी मला ते आवडायला लागलं. मला बघायचंय, मला काय काय जमतं." मग माझ्याकडे वळून, "काकांचं तरी कारण कुठं उरलं होतं? राहिलेच ना?"

धाकटा माझ्याकडे बघू लागला. मी त्याला पहाऱ्याची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा, घरात. अंगठा, अंधार, मागचं घोरणं, सगळं. त्यानं मध्ये कुठं टोकलं नाही. शेवटी म्हणाला, "दादा, मला वाटायचं तू तिथं मजा मारतोयस."

"मारतच होतो रे," मी म्हटलं. "हीच मजा."

त्यानं लेकीला 'जा' म्हटलं नाही. 'नको' असंही पुन्हा म्हटलं नाही. निघायच्या दिवशी गाडीपर्यंत मिळून जाऊ, तिथं बघू, एवढंच बोलला. तिथं बघू म्हणजे तिथं 'जा' म्हणेन, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

पण शरीर हट्टी असतं. चिमणी सांगायची, पुढचे काही दिवस धाकटा दोनला उठून जिन्यावर बसायचा. भट्टी थंड, करायला काही नाही, आणि साहेब बसलेत बिडी ओढत. मला बराकीतला मी आठवायचो. ती निघायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "उद्या उठवायला येऊ का?" तो तुच्छतेनं म्हणाला, "मला? तुला कुणी उठवायचं ते बघ."

पहाटेची गाडी होती. मी बायकोच्या चार धपाट्यांनंतर उठून त्यांच्याकडे गेलो. चिमणी दारात बॅग घेऊन तयार. आत धाकटा अंथरुणावर पालथा पडलेला, तोंड उघडं, पट्टीचा हात खाली लोंबत होता, आणि घोरणं असं की कपाटाची काच थरथरत होती. तीसेक वर्षांत त्या घरात त्या वेळी तो आवाज कुणी ऐकला नसेल.

मी त्याचा अंगठा धरायला वाकलो. चिमणीनं माझा हात पकडला. चांगलाच जोरात.

"अगं, तो मला जिवंत ठेवणार नाही!"

"राहू द्या, काका." ती दारात उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रडत होती आणि हसतही होती. गाडी चुकेल असं मला वाटायला लागलं तरी ती हलेना. मग तिनं त्याचा लोंबणारा हात अलगद उचलून उशीवर ठेवला, बॅग खांद्याला मारली आणि निघाली. मी गाडीपर्यंत सोबत गेलो. चढताना मागे वळून म्हणाली, "पीठ नीट मळा."

मी परत येऊन धाकट्याच्या जिन्यावर बसून राहिलो. घरी जायचा धीर नव्हता आणि आत जायचाही नव्हता. उन्हं चांगली वर आली तेव्हा आतून धडपड ऐकू आली. अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी, गालावर उशीच्या सुरकुत्या, असा तो बाहेर आला. तिची बॅग असायची तो कोपरा रिकामा झालेला त्यानं पाहिला होता.

"गेली?"

"गेली."

त्यानं माझी गचांडी धरली. "उठवलं का नाहीस मला? एकच काम होतं तुला जन्मात! मी तिला जा म्हणणार होतो. गाडीपाशी म्हणणार होतो. मी तिला साधं जा पण म्हटलं नाही रे!" आणि तो तसाच, गचांडी न सोडता, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला.

"तिनंच उठवू दिलं नाही," मी म्हटलं. "दारात उभी राहून ऐकत होती. तू घोरत होतास ना, तेवढं पुरलं तिला."

त्यानं मला एक सणसणीत शिवी दिली. मग नाक पुसलं आणि पाणी तापवायला आत गेला, कारण मळायची वेळ होत आली होती.